कुंपण घालण्यापूर्वी: हद्द, परवानगी आणि पाया

प्लॉट घेतला की घर बांधायच्या आधी कुंपण घालावं, असं बहुतेकांना वाटतं. जागा आपली आहे हे दिसावं, गुरं-कुत्री आत येऊ नयेत, कोणी राडारोडा टाकू नये, हे हेतू रास्तच आहेत. पण घाईत घातलेलं कुंपण पुढे सर्वांत महाग पडतं. हद्द चुकली तर शेजाऱ्याशी वाद, उंची चुकली तर महापालिकेची नोटीस, पाया चुकला तर पावसाळ्यात भिंतच कलते.

यातल्या जवळजवळ सगळ्या चुका टाळता येतात, कारण त्या कामाचा क्रम चुकल्यामुळे होतात. आधी हद्द पक्की करावी, मग परवानगी घ्यावी आणि मगच पाया खणावा. महाराष्ट्रात घराच्या किंवा प्लॉटच्या कुंपणासाठी हा क्रम कसा पाळायचा, ते एकेक पायरीने पाहू.

पहिली पायरी: कागद गोळा करणं

सुरुवात कागदांपासून करावी. जागा सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ती, काढावी. सिटी सर्व्हे झालेला नसेल तर सातबारा उतारा आणि गटाचा नकाशा घ्यावा. गावठाणातल्या अनेक घरांना आता स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत. आपल्या गावाची निघाली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारावं.

ले-आउटमधला प्लॉट असेल तर मंजूर रेखांकनाची, म्हणजे प्लॉट, रस्ते आणि मोकळ्या जागा दाखवणाऱ्या मंजूर नकाशाची प्रत घ्यावी. विकणाऱ्याने दाखवलेला रंगीत नकाशा पुरेसा नाही. नकाशावर मंजुरीचा शिक्का, क्रमांक आणि तारीख आहे ना, ते पाहावं.

मग खरेदीखतातल्या चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना काय आहे याचं वर्णन, नकाशाशी ताडून पाहाव्यात. क्षेत्रफळ तिन्ही कागदांवर एकच आहे का, तेही बघावं. फरक दिसला तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. कागदातली तफावत भिंत बांधून मिटत नाही.

दुसरी पायरी: हद्द कायम करून घेणं

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात. शेजाऱ्याच्या भिंतीपासून टेप लावून माप घेणं ही नेहमीची पद्धत. पण शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोजलेलं असतं, आणि त्याने त्याच्या शेजाऱ्याच्या. पहिल्या प्लॉटवर झालेली अर्ध्या फुटाची चूक अशी ओळीने पुढे सरकत येते. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबणंही तितकंच धोक्याचं आहे, कारण साध्या फोनवरचं ठिकाण काही मीटरने सहज चुकतं.

एक फूट म्हणजे किती, हे एकदा मांडून पाहावं. ३० मीटर लांबीच्या बाजूला भिंत एक फूट आत किंवा बाहेर गेली, तर सुमारे ९ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९८ चौरस फूट जागा इकडची तिकडे होते. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. म्हणजे गुंठ्याच्या प्लॉटमध्ये हा जवळजवळ अकरावा हिस्सा झाला.

योग्य मार्ग म्हणजे सरकारी मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा. तो ई-मोजणी प्रणालीतून घरबसल्याही भरता येतो. अर्जासोबत चालू तारखेचा उतारा आणि लगतच्या कब्जेदारांची नावं-पत्ते लागतात. फी क्षेत्रावर आणि मोजणी किती लवकर हवी यावर ठरते.

अर्जातली लगतधारकांची यादी मनापासून भरावी. कार्यालय त्या सर्वांना मोजणीच्या तारखेची नोटीस पाठवतं. एखादं नाव गाळलं, किंवा मृत खातेदाराचंच नाव दिलं, तर ‘मला नोटीस मिळाली नाही’ या एका मुद्द्यावर सगळी मोजणी पुन्हा वादात सापडते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, यंत्राने माप घेऊन कोपरे आणि वळणं दाखवतो. त्या वेळी आपण स्वतः हजर राहावं. झुडपं आधीच तोडून ठेवावीत. खुणा रोवायला दगड किंवा खुंट, चुना आणि एखादा मजूर तयार ठेवावा. प्रत्येक खुणेचा फोटो काढावा, आणि फोटोत मागचं झाड, खांब किंवा घराचा कोपरा यावा. नंतर कोणी दगड हलवला तरी जागा ओळखता येते.

काही दिवसांनी हद्द कायम नकाशाची प्रत मिळते. लोक तिला ‘क प्रत’ म्हणतात. ती हातात आल्याशिवाय पाया खणू नये. जागेवर लावलेल्या खुणा आणि नकाशा जुळतात का, हे एकदा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून तपासून घ्यावं.

मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. हा हक्क आपल्याला आहे तसाच शेजाऱ्यालाही आहे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. आपली जागा शेजाऱ्याच्या कुंपणात गेली आहे असं निघालं, तरी ते कुंपण आपण पाडायचं नसतं. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा घेतला, तर मालकी कोणाची हे न पाहताही समोरच्याला सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयातून ताबा परत मागता येतो. आपली बाजू खरी असूनही आपणच चुकीच्या जागी उभे राहतो. आधी बोलणी करावीत, मग वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि गरज पडली तर दावा लावावा.

उलट, आपली जागा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कुंपणात आहे हे कळूनही गप्प बसू नये. खासगी जमिनीच्या ताब्यासाठी दावा लावायची मुदत साधारणपणे १२ वर्षांची असते.

तिसरी पायरी: शेजाऱ्याशी बोलणं

मोजणी झाल्यावर आणि खोदाई सुरू होण्याआधी शेजाऱ्याला नकाशा दाखवावा. भिंत पूर्णपणे आपल्या जागेत असेल, की दोघांनी खर्च वाटून हद्दीवर सामाईक भिंत बांधायची, हे ठरवावं.

सामाईक भिंत स्वस्त पडते, जागाही वाचते. पण तोंडी बोलण्यावर ती बांधू नये. भिंतीची जाडी, उंची, खर्चाचा वाटा, पुढची डागडुजी आणि घर विकलं गेलं तरी करार लागू राहील, एवढं लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मुद्रांकावर करून नोटरी केली तर आणखी बरं.

आपल्या जागेतून कोणाची जुनी वहिवाट, म्हणजे जाण्यायेण्याचा प्रघात, आहे का हेही इथेच पाहावं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं उघडपणे आणि विनाखंड वापरलेल्या वाटेवर हक्क निर्माण होऊ शकतो. शेतजमिनीच्या वाटेबद्दल तर तहसीलदारांनाच अधिकार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्याचा हक्क ते ठरवतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार शेताकडे जाणारा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल, तर तो अडथळा ते काढायला लावतात. शेताला लागून घर असेल तर हा मुद्दा सोडू नये.

चौथी पायरी: परवानगी कोणाची

‘कुंपणाला कसली परवानगी?’ हा प्रश्न फार ऐकू येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ‘इमारत’ या शब्दाच्या व्याख्येतच कंपाउंडच्या भिंती आणि कुंपण येतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने भिंत हेही बांधकामच आहे.

जागा महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे जावं. जिथे पीएमआरडीए, एमएमआरडीए यांसारखी प्राधिकरणं परवानगी देतात तिथे त्यांच्याकडे जावं लागतं. गावठाणात ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये बांधकामासाठी पूर्वपरवानगीची तरतूद आहे. गावठाणाबाहेरच्या जागेसाठी कोणाकडे जायचं, हे तहसील किंवा नगररचना कार्यालयात विचारून घ्यावं.

घर बांधायचं असेल तर सोपा मार्ग आहे. आर्किटेक्टला घराच्या नकाशातच कंपाउंड, फाटक आणि त्यांची उंची दाखवायला सांगावं. नकाशा मंजूर झाला की कुंपणही त्यातच मंजूर होतं. अनेक जण हे विसरतात आणि नंतर वेगळा अर्ज करत बसतात.

नुसते खांब रोवून तार किंवा जाळी लावायची असेल, तर ठिकठिकाणी वेगवेगळं सांगितलं जातं. अशा वेळी ‘कोणी विचारत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नये. दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी.

काही जागांना जादा नियम लागू असतात. कोकण किनाऱ्याजवळ सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम बघावे लागतात. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) हे भाग केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेले आहेत. प्लॉटधारकांची सोसायटी असेल तर तिचे उपविधी पाहावेत आणि सोसायटीचं ना हरकत पत्र घ्यावं.

पाचवी पायरी: रस्त्याची बाजू

शेजाऱ्याची बाजू मोजणीने ठरते. रस्त्याच्या बाजूला मात्र तेवढ्याने भागत नाही. आज समोर सहा मीटरचा रस्ता दिसत असला, तरी विकास आराखड्यात, म्हणजे शहराच्या पुढच्या काही वर्षांच्या मंजूर नकाशात, तो नऊ किंवा बारा मीटरचा असू शकतो.

म्हणून झोन दाखला किंवा आराखड्याचा भाग-नकाशा काढावा आणि रस्तारुंदीची रेषा कुठून जाते ते पाहावं. कंपाउंड त्या रेषेच्या आत घेतलं, तर पुढे पाडावं लागत नाही. राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्गालगत जागा असेल तर रस्त्याची हद्द आणि बांधकामासाठी सोडायचं अंतर सार्वजनिक बांधकाम विभागाकडून किंवा महामार्ग प्राधिकरणाकडून लेखी घ्यावं.

गावात रस्त्याकडेची वीतभर जागा कुंपणात घेण्याची सवय असते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार असं अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. शिवाय उद्या रुग्णवाहिका त्याच रस्त्याने यायची असते.

सहावी पायरी: उंची

राज्याच्या बहुतेक भागांत डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बोलताना तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं तिच्या बाहेर आहेत. मुंबईला स्वतःची डीसीपीआर २०३४ आहे.

यूडीसीपीआरनुसार विशेष परवानगी नसेल तर कंपाउंडची भिंत जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट उंच असावी. २.४ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे आठ फुटांपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटरचा भाग उघडा हवा. उघडा म्हणजे आरपार दिसणारा: ग्रिल, जाळी किंवा रेलिंग. त्यावर मागाहून पत्रा किंवा फायबरची शीट ठोकली, की तो भाग उघडा राहत नाही आणि नियम मोडतो.

ही उंची कुठून मोजायची, यात हमखास गोंधळ होतो. ती आपल्या अंगणापासून मोजत नाहीत. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून मोजतात. समजा, आपला प्लॉट रस्त्यापेक्षा ०.६ मीटर, म्हणजे दोन फूट उंच आहे. मग आपल्या जमिनीपासून वर फक्त ०.९ मीटरची भरीव भिंत मिळते. प्लॉट तेवढाच खाली असेल तर आतून तीच भिंत २.१ मीटरची दिसेल आणि तरीही नियमात बसेल. गवंड्याला नुसतं ‘पाच फूट’ सांगू नये. मध्यरेषेची पातळी काढून तिची खूण एखाद्या पक्क्या खांबावर करून द्यावी.

कोपऱ्याचा प्लॉट असेल तर आणखी एक अट आहे. दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फुटांपेक्षा उंच चालत नाही. वरचे ०.७५ मीटर रेलिंगचे असू शकतात. वळणाऱ्या गाडीला समोरून येणारं मूल किंवा सायकल दिसावी, यासाठी हा नियम आहे. आपल्या घरातली मुलंही त्याच कोपऱ्यावरून ये-जा करणार आहेत, हे लक्षात घेऊन तो पाळावा.

सातवी पायरी: फाटक

फाटक पूर्णपणे आतल्या बाजूला उघडलं पाहिजे. रस्त्यावर किंवा पायवाटेवर उघडणारं फाटक नियमात बसत नाही. आत जागा कमी असेल तर सरकतं फाटक लावावं, आणि त्याची पट्टी आपल्याच हद्दीत ठेवावी.

गाडी आत घेण्यासाठी केलेला उतारही आतच असावा. तो फुटपाथवर आला की चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. समोरून गटार जात असेल तर ते काँक्रीटने बुजवू नये. उचलता येणारी झाकणं टाकावीत, म्हणजे साफसफाई होत राहील.

आठवी पायरी: पाया आणि पाणी

हद्द, परवानगी आणि उंची बरोबर असूनही चूक होते ती जमिनीखाली. नऊ इंची विटांच्या भिंतीखालचा पाया अडीच फूट रुंद घेतला, तर तो भिंतीच्या दोन्ही बाजूंना साडेदहा-साडेदहा इंच बाहेर येतो. भिंत बरोबर हद्दीला लावून बांधली तर वर सगळं ठीक दिसतं, पण पाया शेजाऱ्याच्या जागेत गेलेला असतो. शेजारी पुढे घर बांधताना खणतो, तेव्हा हे उघड होतं.

यावर दोन उपाय आहेत. भिंत तेवढी आत घ्यावी, किंवा पाया फक्त आपल्या बाजूला येईल असा इंजिनिअरकडून आखून घ्यावा. बाहेरच्या प्लास्टरची जाडी आणि कोपिंगचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराचा, पुढे आलेला भागही हद्दीच्या आतच राहील, असं दोरी लावतानाच मोजावं. कोपिंगचा उतार आपल्या बाजूला द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी शेजाऱ्याकडे पडत नाही.

काळ्या मातीत विशेष काळजी घ्यावी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा, कॉलम आणि बीम घ्यावेत, आणि लांब भिंतीत ठराविक अंतरावर सांधा सोडावा. तयार प्रीकास्ट फळ्यांचं कंपाउंड लवकर उभं राहतं, पण त्याचे खांबही पुरेसे खोल हवेत. कोकणात जांभ्याचा गडगा मातीला आणि पावसाला मानवतो. त्यातल्या फटींतून पाणी वाट काढतं.

पाण्याची जुनी वाट बुजवू नये. वरच्या जमिनीचं पाणी ज्या बाजूने येतं तिथे भिंतीच्या तळाशी भोकं किंवा पाइप ठेवावेत. पाणी अडलं तर ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं किंवा आपल्याच भिंतीला ढकलतं.

एका बाजूला मातीचा भराव असेल, तर ती भिंत नुसतं कंपाउंड राहत नाही. ती माती धरून ठेवणारी धारक भिंत होते आणि तिचा आराखडा इंजिनिअरनेच करायला हवा. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत बाजूच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि किमान १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत मालाडला भिंत पडून वीसहून अधिक माणसं मेली. भिंतीमागे पाणी साचतंय, भिंत फुगलीय, कललीय असं दिसलं, तर पावसाळ्याची वाट न पाहता इंजिनिअरला बोलवावं. तिला टेकून कोणी राहत असेल तर आधी त्या लोकांना हलवावं.

नववी पायरी: झाडं, तारा आणि वीज

कुंपणाच्या रेषेत झाड येत असेल तर परस्पर तोडू नये. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचित झाडांसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. बहुतेक वेळा भिंतीला छोटं वळण दिलं की झाडही वाचतं आणि अर्जही टळतो.

जागेवरून विजेच्या तारा जात असतील तर महावितरणला विचारून अंतर ठेवावं. विजेच्या खांबाला कुंपणाची तार कधीही बांधू नये. पावसात सगळ्या कुंपणात वीज उतरू शकते.

जनावरांसाठी काही जण थेट घरगुती वीज तारेत सोडतात. हा गुन्हा आहे, आणि यात दरवर्षी माणसं आणि गुरं दगावतात. गरज असेल तर क्षणभरच झटका देणारं प्रमाणित सौर यंत्र वापरावं आणि इशारा देणारे फलक लावावेत.

भिंत परवडत नसेल, तर जिवंत कुंपण हा चांगला पर्याय आहे. शेर, मेंदी, घायपात, गिरिपुष्प ही झाडं कमी देखभालीत दाट होतात. ती हद्दीपासून थोडी आत लावावीत, म्हणजे वाढल्यावर रस्त्यात किंवा शेजाऱ्याकडे जात नाहीत.

नोटीस आली तर

नोटीस आली की घाबरूनही जाऊ नये आणि ती बाजूलाही टाकू नये. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आली आहे आणि मुदत किती आहे, ते आधी वाचावं. मुदतीत लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. बांधकाम नियमात बसत असेल, पण परवानगी घेतलेली नसेल, तर ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. फक्त उंची जास्त असेल तर वरचे थर उतरवून बहुतेकदा प्रश्न सुटतो. हद्द चुकली असेल तर भिंत मागे घेण्यावाचून उपाय नाही. म्हणूनच मोजणीचा खर्च सर्वांत आधी करावा.

काम संपल्यावर मिळकत पत्रिका, क प्रत, परवानगी, शेजाऱ्याशी झालेला करार आणि खुणांचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत. शेजाऱ्यालाही क प्रतीची झेरॉक्स द्यावी. भिंत दोन्ही घरांच्या पुढच्या पिढ्यांनाही लागणार आहे, आणि हद्द कुठे ठरली याचं उत्तर त्यांना कागदावरच मिळायला हवं.